कार्यालयात अग्निशामक यंत्रे बसवलेली असताना आगीच्या जोखमीचे वेगळे मूल्यांकन कशासाठी?

अग्निशामक यंत्र नुकत्याच लागलेल्या लहान आगीपुरते उपयोगी असते. मूल्यांकनाचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे, तो म्हणजे आग कुठे लागू शकते, कशामुळे भडकेल आणि माणसे बाहेर कशी पडतील. ते केवळ नकाशा पाहून होत नाही, इमारत पायी फिरावी लागते, तीही शक्यतो ऐन कामाच्या वेळी. जिन्याच्या तोंडाशी असलेले अग्निरोधक दार आपोआप मिटावे अशी योजना असते, परंतु ये-जा सोपी व्हावी म्हणून त्याखाली लाकडी पाचर ठोकलेली सर्रास आढळते, आणि मग धूर थेट जिन्यात शिरून सुटकेची वाटच अडते. आगीत ज्वाळांपेक्षा धुरानेच अधिक बळी जातात, त्यामुळे माझ्या मते ही पाचर मुदत संपलेल्या यंत्राहून गंभीर दोष आहे. विजेच्या पॅनेलपाशी रचलेले पुठ्ठ्याचे खोके आणि कुलूपबंद मागचे दार यांचीही नोंद घ्यावी. ज्यांना जिना उतरता येत नाही, त्यांना कोण व कसे बाहेर काढणार हे आधीच ठरवावे. अंतर्गत रचना किंवा कामाचे स्वरूप बदलले, की मूल्यांकन पुन्हा करावे.