एकच तारीख, इतके दिनविशेष?

प्रश्न : मुलीला शाळेत ७ नोव्हेंबरचे दिनविशेष सांगायचेत, विद्यार्थी दिन नेमका कशामुळे ते सांगाल का? आणि रशियातली ऑक्टोबर क्रांती पण ७ नोव्हेंबरलाच कशी?

उत्तर : आधी क्रांतीचं सांगते. १९१७ मध्ये रशियात जुनं ज्युलियन कॅलेंडर चालू होतं, ते आपल्या आताच्या कॅलेंडरच्या १३ दिवस मागे, म्हणून तिकडे तेव्हा २५ ऑक्टोबर होता आणि बाकी बहुतेक जगात ७ नोव्हेंबर, नाव मात्र ऑक्टोबरचंच चिकटलं ते कायमचं.

मेरी क्युरी (१८६७) आणि सी. व्ही. रामन (१८८८) दोघांचाही जन्म याच तारखेचा, दोघंही नोबेलवाले. आपल्याकडे कॅन्सर जागृती दिनही याच दिवशी असतो.

पण मुलीला सगळ्यात आधी साताऱ्याचं सांगा हो. ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचं नाव तिथल्या सरकारी शाळेत दाखल झालं, आता तिला प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात. रजिस्टरला १९१४ नंबरवर ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे आणि समोर त्या नऊ वर्षांच्या पोराची सही! मला तर ती सही आठवली की दरवेळी भरून येतं, कारण त्याच वयात शाळेत वेगळं बसवणं, पाण्याला हात लावू न देणं हे सगळं त्यांनी सोसलं आणि तरी शिकत राहिले. २०१७ पासून राज्य सरकार हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळतं. वर्गात सांगताना तो १९१४ नंबर नक्की सांगायला लावा, पोरांच्या तो बरोबर लक्षात राहतो.