दारू पचते, भिनते की चढते?

प्रश्न असा आहे : आरोग्यविषयक एका मजकुरात ‘मद्याचे पचन यकृतात होते’ असे वाक्य आले आहे, ते बरोबर का? आणि पचणे, भिनणे, चढणे, उतरणे ही क्रियापदे दारूच्या बाबतीत एकमेकांऐवजी वापरता येतात का?

वाक्य दोन ठिकाणी चुकले आहे. पचन म्हणजे अन्नाचे मोठे रेणू तोडून शोषता येतील इतके लहान करणे. हे काम मुख्यतः जठरात आणि लहान आतड्यात चालते, यकृतात नव्हे. शिवाय मद्यार्काला, म्हणजे दारूतल्या अल्कोहोलला, असे तोडावेच लागत नाही. त्याचा रेणू मुळात लहान आणि पाण्यात सहज विरघळणारा, त्यामुळे तो आहे तसाच जठर-आतड्याच्या अस्तरातून रक्तात जातो. साधारण पाचवा हिस्सा जठरातून, उरलेला बहुतेक लहान आतड्यातून. पोट भरलेले असेल तर जठराचे खालचे दार उशिरा उघडते, म्हणून मद्यार्क आतड्यात उशिरा पोचतो. उपाशीपोटी तोच पेला लवकर आणि जास्त लागतो, त्याचे मुख्य कारण हेच.

यकृतात होते ते विघटन. तिथे एक एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) मद्यार्काचे अ‍ॅसिटाल्डिहाइड करते, दुसरे त्याचे अ‍ॅसिटेट करते आणि अ‍ॅसिटेटचे पुढे पाणी व कार्बन डायऑक्साइड होते. मधला अ‍ॅसिटाल्डिहाइड विषारी असतो. दुसरे एन्झाइम जन्मतः मंद असलेल्या माणसाचा चेहरा थोड्याशा दारूनेही लाल होतो, छाती धडधडते. म्हणून मजकुरात ‘शोषण आतड्यात, विघटन यकृतात’ असे लिहावे. एकच शब्द हवा असेल तर ‘चयापचय’ चालेल, ‘पचन’ नको.

बोलण्यात ‘त्याला दारू पचते’ म्हणतात तेव्हा पोटाशी काही संबंध नसतो. पिऊनही तो लटपटत नाही, बरळत नाही, एवढाच अर्थ. मेंदूला सराव झालेला असतो, आणि नेहमी पिणाऱ्याच्या यकृतात एक जादा एन्झाइम-यंत्रणाही वाढते. पण तोल सांभाळणाऱ्याच्या रक्तातही मद्यार्क असतोच, उलट तो जास्त पीत असल्याने यकृतावर भार अधिक. कौतुकाचा सूर असलेला हा वाक्प्रचार शास्त्राच्या दृष्टीने सर्वांत फसवा आहे.

‘भिनणे’ मात्र नेमके आहे. विष भिनते, तशी दारू भिनते, म्हणजे अंगभर पसरून आत शिरते. मद्यार्क शरीरातल्या पाण्यात पसरतो, चरबीत फारसा जात नाही. स्वीडनचे शास्त्रज्ञ एरिक विडमार्क यांच्या नावाने ओळखला जाणारा हिशेब यावरच उभा आहे : वजनाला पुरुषासाठी सुमारे ०.६८ आणि स्त्रीसाठी सुमारे ०.५५ ने गुणायचे आणि येणाऱ्या आकड्याने मद्यार्काच्या वजनाला भागायचे. ४० टक्के तीव्रतेच्या ६० मिलिलिटर दारूत सुमारे १९ ग्रॅम मद्यार्क असतो. ७० किलोच्या पुरुषात त्यामुळे १०० मिलिलिटर रक्तामागे साधारण ४० मिलिग्रॅम होतात, तर ६० किलोच्या स्त्रीत ५७ च्या आसपास. कागदावरचे आकडे आहेत हे, प्रत्यक्षात माणसागणिक फरक पडतो. पण सारख्याच पेल्याने दोघांत इतके अंतर का पडते, ते यातून कळते.

‘जिरणे’ टाळावे. पाणी जमिनीत जिरते तेव्हा ते शोषण, अन्न जिरते तेव्हा पचन. वाचणारा गोंधळतो.

आता चढणे आणि उतरणे. या जोडीचे मला विशेष वाटते, कारण इथे भाषेने एक खरा भेद पकडला आहे. रक्तातले प्रमाण चढत असताना झिंग जास्त जाणवते आणि त्याच पातळीवर ते उतरत असताना कमी. ब्रिटिश शास्त्रज्ञ एडवर्ड मेलनबी यांनी १९१९ मध्ये हे नोंदले, म्हणून त्याला मेलनबी परिणाम म्हणतात. म्हणजे ‘उतरली’ हे वाक्य पिणाऱ्याच्या जाणिवेबद्दल खरे असते, रक्ताबद्दल नाही. यकृताचे एन्झाइम थोड्याच मद्यार्काने भरून जाते आणि मग ते ठरावीक गतीनेच काम करते, ताशी १०० मिलिलिटरमागे सुमारे १५ मिलिग्रॅम. वरच्या हिशेबातले ४० मिलिग्रॅम जायला अडीच-पावणेतीन तास लागतात. कडक कॉफी, थंड पाण्याची अंघोळ यांनी माणूस जागा होतो, गती वाढत नाही. उलटी झाली तर जठरात उरलेलेच बाहेर पडते, रक्तात गेलेले नाही. ‘उतारा’ म्हणून सांगितलेले उपाय उतरवत काहीच नाहीत. म्हणून गाडी चालवण्याविषयीच्या सूचनेत ‘दारू उतरेपर्यंत’ असे लिहू नये, तास लिहावेत.

‘लागणे’ सांभाळून वापरावे. ‘त्याला दारू लागली’ म्हणजे सुपारी लागते तशी भोवळ आली. ‘त्याला दारू लागते’ म्हणजे ती नसेल तर चालत नाही. काळ बदलला की अर्थ क्षणिक परिणामावरून व्यसनावर जातो. दुसऱ्या अर्थाच्या माणसाने दारू एकदम बंद केली तर हात कापणे, आकडी, भ्रम असे प्रकार होऊ शकतात, कारण दारूच्या दाबाला तोंड देण्यासाठी मेंदूने आपली उत्तेजना वाढवून ठेवलेली असते. तिथे ‘सोडणे’ या क्रियापदासोबत ‘डॉक्टरांच्या देखरेखीखाली’ हे शब्द हवेतच.

जाता जाता, सकाळच्या डोकेदुखीला मराठीत रुळलेला शब्द नाही आणि ‘हँगओव्हर’ घ्यावा लागतो, याची खंत अनेकांना वाटते. खरे तर अरबी-फारसीतला ‘खुमार’ म्हणजे नशा उतरल्यानंतरचे हेच जडपण. मराठीने तो घेतला, पण ‘खुमारी’ करून त्यातली डोकेदुखी काढून टाकली आणि नुसती गोडी ठेवली.