टाक्यांजवळचा फुगवटा

प्रश्न : माझ्या वडिलांचे (वय ६४) जठराच्या कर्करोगाचे ऑपरेशन गेल्या वर्षी झाले. पोटावर मधोमध उभा छेद होता. टाक्यांतून आठवडाभर पू येत होता आणि पुढे केमोथेरपीही झाली. आता खोकला आला की बेंबीच्या वर फुगवटा दिसतो. बाबांनी पाण्याची बादली उचलली म्हणून हे झाले, असे घरात सगळे म्हणतात. ते खरे आहे का? आणि कर्करोग तर परत आला नसेल ना?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : वडिलांना बादलीवरून बोल लावणे कृपया आजच थांबवा. तुम्ही वर्णन केलेला प्रकार बहुधा टाक्यांच्या जागेचा हर्निया (पोटाच्या भिंतीत पडलेल्या भोकातून आतला भाग बाहेर डोकावणे) आहे आणि त्याची सुरुवात बादलीच्या पुष्कळ आधी झालेली असते. पोटाच्या दोन्ही बाजूंचे स्नायू मध्यरेषेत ज्या पांढऱ्या, चिवट पडद्याने जोडलेले असतात, तो या ऑपरेशनमध्ये कापून पुन्हा शिवावा लागतो. सहा आठवड्यांनी त्याची ताकद जेमतेम निम्मी भरून येते आणि पूर्वीइतकी ती कधीच होत नाही. या काळात जखमेत पू झाला, तर टाके ज्या पडद्याला धरून असतात तोच मऊ पडतो. तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा धागा मला हाच वाटतो.

जठराच्या रुग्णांची आणखी एक अडचण असते. आजारामुळे जेवण आधीच तुटलेले असते, ऑपरेशननंतर दोन घासांत पोट भरते. प्रथिने आणि रक्त कमी पडले की जखम भरून येण्यास लागणारे सामानच शरीराकडे उरत नाही, आणि केमोथेरपी हे काम आणखी मंदावते. लठ्ठपणा, मधुमेह, तंबाखू, जुनाट खोकला, शौचाला किंवा लघवीला कुंथावे लागणे, त्याच जागी दुसरे ऑपरेशन होणे, ही कारणेही आहेतच. पडदा कसा शिवला, यावरही बरेच अवलंबून असते : नेदरलँड्समधील २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत लांब टाक्यांऐवजी लहान व जवळजवळ टाके घातल्यावर वर्षभरातील हर्नियाचे प्रमाण २१ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर आले.

आडवे झाल्यावर आत जाणारा मऊ फुगवटा सहसा कर्करोगाचा नसतो. तरीही तुमच्या सर्जनना तो दाखवाच, कारण टाक्यांच्या जागी कडक, न हलणारी गाठ लागली तर ती तपासावीच लागते. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही गोष्टी कळतात. पोटाच्या पट्ट्याने आधार मिळतो, भोक मात्र बुजत नाही. जाळी बसवून दुरुस्ती करता येते, पण घाई नसेल तर केमोथेरपी संपून, वजन सावरून, तंबाखू असल्यास ती सुटल्यावर केलेली बरी.

फुगवटा आत जाईनासा झाला, कडक होऊन दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या किंवा वायू सरणे थांबले, तर रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता त्यांना जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या.