वाचकांचे प्रश्न : दादाभाई तीन मतांनी जिंकले की पाच?

प्रश्न : दादाभाई नौरोजी ब्रिटिश पार्लमेंटात तीन मतांनी निवडून आले असं एका पुस्तकात वाचलं, दुसऱ्यात पाच. खरं काय? (एक वाचक, सातारा)

उत्तर : दोन्ही आकडे एकाच निवडणुकीचे. जुलै १८९२, लंडनचा सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघ. पहिल्या मोजणीत लिबरल पक्षाच्या दादाभाईंना २,९५९ आणि काँझर्व्हेटिव्ह कॅप्टन पेंटन यांना २,९५६ मतं. फेरमोजणीत आघाडी पाचवर गेली. इंग्रजांनी लगेच ‘नौरोजी’चं ‘नॅरो मेजॉरिटी’ (निसटतं बहुमत) करून टाकलं.

खरी गंमत त्याआधीच्या पराभवात आहे. १८८६ साली दादाभाई एप्रिलमध्ये लंडनला पोचले आणि जुलैत लंडनच्याच होलबर्न मतदारसंघातून उभे राहिले. मतदारांची ओळख व्हायलाही सवड नव्हती. शिवाय आयर्लंडच्या स्वराज्यावरून लिबरल पक्ष फुटलेला. ते सपाटून पडले. पुढच्या खेपेला ही चूक केली नाही : १८८८ पासून चार वर्षं फिन्सबरी धरून बसले. त्याच वर्षी नोव्हेंबरात पंतप्रधान सॉल्सबरी एडिंबरात बोलून गेले की इंग्रज मतदार अजून ‘काळ्या माणसा’ला निवडून देणार नाहीत. त्यावर इंग्लंडभर टीका उसळली आणि दादाभाईंचं नाव घरोघरी पोचलं. सॉल्सबरींनी फुकटात केलेला प्रचारच म्हणायचा! डोकेदुखी होती ती स्वपक्षातलीच. रिचर्ड ईव्ह नावाचे दुसरे लिबरल इच्छुक बरीच वर्षं अडून होते. ते मतदानाआधी मागे सरले नसते, तर मतं फुटून पाचाची आघाडी कुठल्या कुठे गेली असती.

प्रश्न : दादाभाई तर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राध्यापक. मग लंडनमधल्या राजकारणाचा खर्च कसा झेपला? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : गणिताची प्राध्यापकी सोडून ते १८५५ मध्ये कामा आणि कंपनीचे भागीदार म्हणून लंडनला गेले. अफू-दारूच्या व्यापाराचा पैसा नको म्हणून तिथून बाहेर पडले आणि १८५९ मध्ये कापसाची स्वतःची पेढी काढली. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून १८६५ मध्ये कापसाचे भाव कोसळले, तेव्हा तिलाही फटका बसला. त्या काळी खासदाराला पगार नसे. वर्षाला ४०० पौंड सुरू झाले ते १९११ मध्ये. निवडणूक अधिकाऱ्याचा खर्चही उमेदवारांनीच वाटून भरायचा. त्यामुळे निवडून येणं आणि निवडून आल्यावर टिकणं, दोन्ही खिशावर अवलंबून. दादाभाईंना हिंदुस्थानातल्या काही संस्थानिकांचीही मदत झाली.

प्रश्न : पार्लमेंटात त्यांच्या हाती काय लागलं?

उत्तर : जून १८९३ मध्ये कॉमन्सने (पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहाने) ठराव केला की सनदी सेवेची परीक्षा इंग्लंडसोबत हिंदुस्थानातही एकाच वेळी व्हावी. ठराव म्हणजे कायदा नव्हे, सरकारने तो गुंडाळून ठेवला. इथे परीक्षा सुरू व्हायला १९२२ उजाडलं. दादाभाई १८९५ ची निवडणूक हरले होते, आणि १९१७ मध्ये मुंबईत वारलेही होते.