मॅकवर डिस्क दिसते, पण फाइल पेस्ट होत नाही

तुम्ही विचारलंत, घरचं विंडोज, ऑफिसचा मॅक आणि मुलाचं लिनक्स या तिन्हीवर चालायला डिस्कचं काय करावं. डिस्क बिघडल्याची धास्ती आधी मनातून काढून टाका. मुलुंडला घरी विंडोजवर नीट चालणारी २ टीबीची डिस्क अंधेरीच्या ऑफिसातल्या मॅकला लावली की फायली उघडतात पण पेस्ट होत नाहीत, कारण ती एनटीएफएसमध्ये, म्हणजे डिस्कवर फायली मांडायच्या विंडोजच्या पद्धतीत, फॉरमॅट केलेली आहे. मॅक एनटीएफएस वाचतो, त्यावर लिहीत नाही. विकतचं सॉफ्टवेअर टाकून लिहिता येतं, पण ऑफिसच्या मशीनवर ते टाकायला परवानगी मिळणं कठीण.

तुम्हाला हवं ते एक्सफॅट, म्हणजे फायली मांडायची दुसरी पद्धत. विंडोज आणि मॅक दोन्हीवर थेट चालतं. मुलाच्या लिनक्सचीही काळजी नको. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये एक्सफॅटचा तपशील खुला केला आणि लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, त्याची सोय आली, त्यामुळे फार जुनं व्हर्जन नसेल तर लावा आणि वापरा. फॅट३२ या जुन्या पद्धतीच्या वाटेला मात्र जाऊ नका. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि तुम्ही तर लग्नाचे व्हिडिओ ने-आण करता.

आता जपायची गोष्ट. एक्सफॅटला जर्नल नसतं, म्हणजे लिहिता लिहिता केबल सुटली तर अर्धवट काम सावरायला डिस्ककडे नोंदच नसते. माझ्या मावसबहिणीच्या हळदीचे व्हिडिओ असेच गेले. कॉपीची पट्टी भरलेली दिसली, बोरिवली फास्ट गाठायची होती, मी इजेक्ट न करता, म्हणजे डिस्क काढतोय हे मशीनला न सांगता, केबल उपसली. घरी येऊन बघतो तर फोल्डर जागच्या जागी, आत एकूणएक फाइल शून्य केबी. हळद काही पुन्हा लागत नाही हो. तेव्हापासून ट्रेन सुटली तरी चालेल, पण इजेक्ट झाल्याशिवाय मी केबलला हात लावत नाही.

चुकून तशी निघालीच, तर पुढच्या वेळी मॅक आतल्या आत तपासणी करत बसतो आणि मोठी डिस्क बराच वेळ दिसतच नाही. घाबरून पुन्हा उपसू नका, दिवा लुकलुकतोय तोवर थांबा.

फॉरमॅट केलं की सगळं पुसलं जाणार. म्हणून आधी डेटा दुसरीकडे हलवा आणि तिथून दोन-चार फायली उघडून बघा. मग घरच्या विंडोजवर डिस्कवर राइट क्लिक, फॉरमॅट, एक्सफॅट. पुढे मॅकवरून आलेल्या, टिंबाने सुरू होणाऱ्या बारक्या फायली दिसतील, तो व्हायरस नव्हे. आणि मूळ फुटेजची एक प्रत वेगळ्या डिस्कवर, जी मुलुंडच्या कपाटातून बाहेर काढायचीच नाही.