महिन्याला 15 हजार एजन्सीला द्यायच्या आधी हा उलटा हिशोब मांडा

ताई, तुमचा प्रश्न पूर्ण वाचला. अमळनेरला पापड, बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडईचा गृहउद्योग, वर्षाची उलाढाल 9 लाखांच्या आसपास, 900 रुपयांच्या ऑर्डरमागे माल, बायांची मजुरी, पॅकिंग सगळं जाऊन 270 उरतात, आणि जळगावची एक एजन्सी महिन्याला 15 हजार मागतेय, त्यात 12 पोस्ट आणि 4 रील, जाहिरातीचे पैसे वेगळे. रेट बरोबर आहे का आणि सोशल मीडियाला बजेट किती ठेवू, असं तुमचं म्हणणं. माझा केळी वेफर्सचा धंदा आहे यावलकडे, बरीच वर्षं ऑनलाईन विकतोय, त्यामुळे खाण्याच्या वस्तूचं मला जेवढं कळतं तेवढं सांगतो, कपड्यालत्त्याचं गणित वेगळं असतं.

रेट बरोबर की चूक हे आधी बाजूला ठेवा. 12 पोस्ट, 4 रील हा त्यांच्या कामाचा माप आहे, तुमच्या धंद्याचा नाही. तुम्ही उलटीकडून या. एजन्सी जीएसटीत असेल तर 15 हजारावर 18 टक्के म्हणजे 17,700 झाले. जाहिरातीला महिना 5 हजार धरले तर फेसबुक-इन्स्टावाले पण वर 18 टक्के लावतात, ते 5,900. झाले 23,600. याला 270 ने भागा, 88 ऑर्डरी येतात. म्हणजे महिन्याला 88 नवीन ऑर्डरी फक्त एजन्सीचा खर्च निघायला, त्यात तुमच्या हाताला एक रुपया नाही, आणि हे बाराही महिने. वर्षाचं केलं तर 2,83,200 होतात आणि तुमच्या 9 लाखांवरचा सगळा नफा येतो 2,70,000. आता तुम्हीच बघा. एजन्सीवाला लुटतोय असं मी म्हणत नाही, डिझाईनवाल्या पोराला, एडिटरला पगार तोही देतोच ना, पण तो रेट ज्याच्या एका ऑर्डरमागे दोन-तीन हजार सुटतात त्याच्यासाठी आहे, सराफाला परवडेल, फर्निचरवाल्याला परवडेल, पापडाला नाही परवडत.

दुसरं, तुमचा धंदा बारा महिन्यांचा नाहीच. वाळवण होतं माघ-फाल्गुनपासून आखाजीपर्यंत (अक्षय तृतीया), फार तर मे संपेपर्यंत. पावसाळ्यात ऊनच नाही तर माल कुठून वाढवणार, जो साठा आहे तोच विकायचा. मग जुलै-ऑगस्टमध्ये 12 पोस्ट कशाला पाहिजेत? त्या महिन्यात एजन्सी काय टाकते ते पण बघा तुम्ही, 'शुभ सकाळ', आषाढीच्या शुभेच्छा, कानबाईच्या शुभेच्छा, फ्रेंडशिप डे, कोपऱ्यात तुमचा लोगो. त्याने पापड विकला जात नाही. म्हणून बजेट महिन्याचं करू नका, वर्षाचं करा आणि ते सीझनमध्ये ओता.

मी तुमच्या जागी असतो तर वर्षाला 50 हजाराच्या आत बसवलं असतं. सीझनमध्ये दोन-तीन दिवस एखादा चांगला मोबाईल शूट करणारा पोरगा बोलावून वर्षभराचे व्हिडिओ-फोटो काढून घ्यायचे, 8 हजार धरा, आपल्याकडे लग्नाच्या शूटिंगवाल्यांकडे हाताखालची पोरं असतात ती हे काम हौसेने करतात, फक्त लग्नाची तीथ सोडून बोलवा. जाहिरात फेब्रुवारी ते मे चार महिने, महिना 5 हजार, जीएसटी धरून 23,600. दिवाळीच्या आधी साठ्यातला माल काढायला अजून 3 हजार, म्हणजे 3,540. आणि सीझनच्या चार महिन्यात मेसेजला उत्तर द्यायला एक माणूस अर्धवेळ, 3 हजार महिना, 12 हजार. बेरीज 47,140. 270 ने भागलं तर वर्षाला 175 ऑर्डरी लागतात खर्च निघायला. हे झेपण्यासारखं आहे. पोराचा आणि अर्धवेळ माणसाचा आकडा मी अंदाजाने टाकलाय, तुमच्या गावात कमीजास्त होईल, पण भागाकार असाच करायचा.

मेसेजवाला माणूस बघून तुम्हाला वाटलं असेल हा काय फालतू खर्च. तर खरा खर्च तोच आहे ताई, आणि तो एजन्सीच्या पॅकेजमध्ये नसतो. दुपारी 1 वाजता तुम्ही हात पाण्यात बुडवून साडीवर बिबडे थापताय, घाटा (शिजवलेलं पीठ) गार व्हायच्या आत सगळे घालून व्हायला पाहिजेत, आणि तेवढ्यात चिंचवडवरून एक बाई विचारते 'रेट?'. तुम्ही संध्याकाळी 7 ला उत्तर देता. ती म्हणते 'ओके'. संपलं. त्या 'रेट?' साठी तुम्ही जाहिरातीचे पैसे मोजलेले असतात. तिला दहा मिनिटात रेट, पाव किलोत किती नग बसतात ते, कुरियर किती आणि कधी मिळेल हे चारही मिळालं तर निम्म्या वेळा तिथेच यूपीआय येतो. व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे, त्यात कॅटलॉग टाका, क्विक रिप्लाय म्हणजे तयार उत्तरं बनवून ठेवा, 'पैसे आले', 'पाठवायचं बाकी' असे लेबल लावा, मग घरातली कॉलेजची पोरगी पण हे करू शकते. पण तिला फुकटात राबवू नका, पगार म्हणून बजेटमध्ये लिहा, नाहीतर परीक्षा आली की उत्तरं बंद आणि जाहिरात मात्र चालूच राहते.

आता जाहिरात कुठे लावायची. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि इथेच लोकांचे पैसे जातात. पोस्ट बूस्टचं (पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं) बटण दाबलं आणि अमळनेर, जळगाव, धुळे निवडलं तर लाईक धो धो येतात, कारण आपल्या लोकांना गच्चीवरचं वाळवण बघून बरं वाटतं. पण त्यांच्या स्वतःच्या गच्चीवर तेच वाळतंय ना! ते तुमच्याकडून कशाला घेतील. तुमचं गिऱ्हाईक बसलंय पिंपरी-चिंचवडला, नाशिकला सिडकोत, कल्याण-डोंबिवलीला आणि सुरतला उधना-लिंबायतला. तिथे फ्लॅटमध्ये गच्ची नाही, आईचं वय झालंय, गावाहून येणारा डबा बंद झालाय. त्या शहरांवर जाहिरात लावा आणि व्हिडिओत अहिराणीत बोला. 'सरनात का घरना बिबडा?' (संपले का घरचे बिबडे?) एवढं एक वाक्य टाकलं की जो खानदेशी नाही तो पुढे सरकतो आणि जो आहे तो थांबतो, चाळणीचं काम आपोआप होतं. जाहिरातीचा उद्देश विचारतात तिथे 'मेसेज' निवडा, लाईक किंवा प्रोफाईल व्हिजिट नको. सुरुवातीला दिवसाला 200 रुपये, 10 दिवस, एकच शहर. 2,360 मध्ये कळतं की तिथे दम आहे की नाही. (सुरतला म्हणजे राज्याबाहेर माल पाठवायच्या आधी जीएसटी नोंदणीचं सीएला विचारून घ्या, राज्याबाहेरच्या विक्रीचे नियम वेगळे आहेत.)

व्हिडिओत गाणं टाकायचं टाळा. ट्रेंडिंग गाण्यावरचं रील बऱ्याचदा बूस्टच होत नाही, गाण्याचे हक्क आडवे येतात, आणि बिझनेस अकाऊंटला तशी पण बरीच गाणी मिळत नाहीत. गाण्याची गरजच काय, उडदाचा पापड विस्तवावर टाकल्यावरचा आवाज, बायांच्या गप्पा, घाट्यात चाटू फिरतोय तो आवाज, हे चालतं.

कुरडईबद्दल एक वेगळं सांगतो, कारण तुम्ही तिचीच जाहिरात करायची म्हणताय. नका करू. कुरियरवाले वजन दोन प्रकारे बघतात, एक काट्यावरचं आणि एक बॉक्सच्या मापाचं, सेंटीमीटरमध्ये लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले 5000, बऱ्याच ठिकाणी हेच सूत्र आहे, आणि दोन्हीतलं जे जास्त ते लावतात. समजा 40 बाय 30 बाय 25 चा बॉक्स, त्यात 2 किलो कुरडई मावली. सूत्राने वजन येतं 6 किलो. म्हणजे 2 किलो मालावर 6 किलोचं भाडं, गिऱ्हाईक तो आकडा ऐकून गायब होतं, आणि ज्याने दिला त्याच्याकडे निम्मा चुरा पोचतो, मग फोटो येतो. बिबडे आणि उडीद पापड चपटे बसतात, एकावर एक रचता येतात, जाहिरात त्यांची करा आणि कुरडई पाव किलो 'सोबत घ्या' म्हणून विका. किंवा पुण्या-सुरतला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या गाडीत पार्सल टाका, गिऱ्हाईक स्टॉपवर येऊन घेतो, आपल्याकडे हे चालतंच. पण पैसे आधी घ्या. कॅश ऑन डिलिव्हरीत परत आलेल्या पार्सलचं जाणं-येणं दोन्ही भाडं तुमच्या डोक्यावर, ते पण शेवटी सोशल मीडियाच्याच खर्चात धरायला पाहिजे, कोणी धरत नाही.

मोजमाप ठेवायला मोठं काही नको, वहीत तीन रकाने करा, जाहिरातीवर गेले किती, मेसेज किती, पैसे आलेल्या ऑर्डरी किती. समजा 5,900 गेले आणि 20 ऑर्डरी आल्या, म्हणजे ऑर्डरीमागे 295 पडले, तुमचे उरतात 270, पहिल्या ऑर्डरला 25 चा तोटा. लगेच घाबरून बंद करू नका. त्या 20 मधल्या किती जणी दिवाळीला परत घेतात ते बघा, कारण दुसऱ्या ऑर्डरला जाहिरातीचा खर्च शून्य असतो. पण सीझन संपला तरी कोणीच परत आली नाही तर जाहिरात वाईट नाही, माल किंवा पॅकिंग बघावं लागेल. म्हणून पार्सलमध्ये चिठ्ठी टाका, 'आमचा नंबर सेव्ह करा'. व्हॉट्सॲपचा ब्रॉडकास्ट मेसेज, म्हणजे एकदम सगळ्यांना पाठवायचा तो, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, बाकीच्यांना जातच नाही, आणि हे माहीत नसल्याने लोक म्हणतात ब्रॉडकास्टला काही रिस्पॉन्स नाही भो.

एजन्सी कधी लावायची? सीझनमध्ये मेसेज इतके यायला लागले की दोन माणसं पण कमी पडतायत आणि माल दुप्पट करायची ताकद आहे, तेव्हा. तेव्हा पण बाराही महिन्यांचा करार नको, चार महिन्यांचा करा. आणि आधीच लिहून घ्या की पेज आणि इन्स्टा तुमच्या नावावर राहील, त्यांना फक्त ॲक्सेस द्यायचा, पासवर्ड नाही. जाहिरातीचं अकाऊंट तुमचं, कार्ड किंवा यूपीआय तुमचा, म्हणजे 5 हजारातले खरे किती जाहिरातीवर गेले ते तुम्हाला दिसतं. शूट केलेले मूळ व्हिडिओ तुम्हाला द्यायचे. माझ्या मावसभावाचं पेज त्यांच्या एजन्सीतल्या एका पोराच्या आयडीवरून काढलेलं होतं, पोरगा नोकरी सोडून गेला आणि पेज त्याच्याबरोबर गेलं, सगळे जुने फोटो, रिव्ह्यू, सगळं. एजन्सी म्हणे आम्ही नवीन काढून देतो, चार्ज वेगळा.

आत्ता लगेच करायचं ते फुकटातलं आहे, गुगलवर तुमच्या गृहउद्योगाची नोंद करा, पत्ता, फोटो, फोन नंबर, आणि सुट्टीत गावाला आलेल्या पुणेकरांना पाकीट देतानाच रिव्ह्यू लिहायला सांगा, घरी गेल्यावर कोणी लिहीत नाही. आणि तुमच्या बॉक्सचं लांबी-रुंदी-उंचीचं माप आणि कुठल्या शहरात सगळ्यात जास्त माल जातो ते इथे टाका, कुरियरचं गणित बसवून देतो.