डोळे कुणावर गेले?

प्रश्न : मुलगी सात महिन्यांची आहे. आमच्या दोघांचे आणि चारही आजी-आजोबांचे डोळे काळे, हिचे मात्र घारे. ‘हे कुणाचं उचललं?’ असं येणारा-जाणारा विचारतो. सासूबाई म्हणतात, त्यांच्या सासऱ्यांचे डोळे म्हातारपणी निळसर झाले होते, तेच आले असतील. — एक वाचक, कोरेगाव

आधी पणजोबांचं. उतारवयात डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेच्या काठाला चरबी साठते आणि पांढरट-निळसर कडं दिसू लागतं. ते पणतीत उतरत नाही. त्यांचे डोळे तरुणपणी कसे होते, ते विचारा.

आपण डोळ्याचा रंग म्हणतो तो बाहुलीभोवतीच्या गोल पडद्याचा. त्याचा मागचा थर जवळजवळ सगळ्यांचाच गडद असतो. फरक पुढच्या थरात. तिथं मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य भरपूर असलं की डोळे काळेभोर दिसतात (नीट पाहिलं तर तेही गडद तपकिरीच), कमी असलं की घारे. फारच कमी असेल तर उजेड विखुरतो आणि डोळा निळा दिसतो. निळं रंगद्रव्य डोळ्यात नसतंच.

मेलॅनिन किती बनणार, हे मुख्यतः १५ व्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी असलेल्या ओसीए२ आणि हर्क२ या जनुकांवर ठरतं. हर्क२ मधला एक छोटा भाग ओसीए२ चं बटण असल्यासारखा चालतो. मुलाला प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून मिळते. गडद रंगाची एक प्रत असली तरी ती बहुधा फिकट प्रतीला झाकते. त्यामुळे फिकट प्रत तीन-चार पिढ्या काळ्या डोळ्यांमागे दडून राहू शकते. दोघांकडेही ती असेल, तर ढोबळमानाने चारांत एक मूल फिकट डोळ्यांचं होतं. ढोबळमानाने अशासाठी, की २०२१ साली सुमारे दोन लाख लोकांच्या तपासणीत डोळ्यांच्या रंगाशी जोडलेल्या ६१ जागा जनुकसंचात सापडल्या. ‘निळ्या डोळ्यांच्या जोडप्याला काळ्या डोळ्यांचं मूल होत नाही’ हा जुना नियमही त्यामुळे टिकत नाही. डोळ्यांच्या रंगावरून बाप कोण हे ठरवता येत नाही. कुणी तसं सुचवत असेल, तर हे उत्तर त्यांना वाचून दाखवा.

शिवाय सात महिन्यांत रंग पक्का झालेला नसतो. बराचसा बदल पहिल्या सहा-नऊ महिन्यांत होतो, पण काही मुलांत तो तीन वर्षांपर्यंत हळूहळू चालतो, आणि बहुधा गडदपणाकडेच.

प्रश्न : नातू दोन महिन्यांचा, डोळे राखाडी. काजळ घातलं तर काळे होतील का? — एक आजी, तासगाव

नाही, आजी. रंग बनवणाऱ्या पेशी जन्मतः डोळ्यात असतात, फक्त त्यांचं काम पूर्ण सुरू झालेलं नसतं. काजळ तिथवर पोचत नाही. उलट बाजारच्या काही काजळांत शिसं असतं आणि बोटानं घालताना जंतू जातात. घरचं काजळही डोळ्यात नको. तीट लावायचीच तर कानामागे.

रंग पाहायचा तर सकाळी खिडकीशी, उजेड बाजूनं येईल असा. ऊन थेट डोळ्यात नको. दर महिन्याला त्याच जागी, त्याच मोबाईलनं, फ्लॅश न लावता फोटो घ्या. उजेड जास्त असला की बाहुली आकसते, रंगीत भाग पसरतो आणि डोळे फिकट भासतात; अंधाऱ्या खोलीत तेच डोळे गडद. ट्यूबलाइटखाली एकीला तपकिरी आणि दुसरीला राखाडी दिसतं, आणि मग वाद.

फ्लॅशच्या फोटोत मात्र एक गोष्ट बघा. बाहुली लाल दिसली तर ठीक. पुन्हा पुन्हा पांढरी चमक दिसली, मग ती एकाच डोळ्यात का असेना, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे जा. मोतीबिंदू किंवा डोळ्यातली गाठ असू शकते. कधी नुसता फोटोचा कोन असतो, पण ते तपासणीतच कळतं. डोळे मोठे, धुरकट, सतत पाणावलेले, उजेडात मिटणारे असतील तर काचबिंदूची शंका घ्यावी. ‘काय टपोरे डोळे!’ म्हणून कौतुक करत वेळ जातो आणि नजर जाते.

प्रश्न : मुलीचा एक डोळा तपकिरी, दुसरा फिकट. — एक वाचक, जत

बऱ्याचदा निरुपद्रवी. तरी बालरोगतज्ज्ञांना दाखवून कानांची तपासणी करून घ्या, कारण एका आनुवंशिक दोषात याच्या जोडीला बहिरेपणा आणि कपाळावर पांढरी बट असते. फिकट डोळ्याची बाहुली लहान आणि पापणी थोडी खाली असेल, तर तेही सांगा. ती नसेच्या बिघाडाची खूण असू शकते.

प्रश्न : आम्ही मामे-आते भावंडं. पहिल्या मुलाचे केस, कातडी पांढरी, डोळे सतत हलतात. दुसऱ्याचं काय? — एक वाचक, पलूस

वर्णनावरून हा वर्णहीनतेचा (शरीरात रंगद्रव्य नीट न बनण्याचा) प्रकार वाटतो. निदान डॉक्टरांकडून पक्कं करा. बहुतेक प्रकारांत दोघांकडची सदोष प्रत एकत्र आली की तो होतो. नात्यातल्या लग्नात तीच प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. असं असेल तर धोका दर गरोदरपणात चारांत एक. एक मूल झालं म्हणजे पुढची तीन सुटली असं नाही. दुसऱ्या गरोदरपणाआधी पहिल्या मुलाची जनुकीय चाचणी करून घ्या. त्याला शाळेत पहिल्या बाकावर जागा मिळवून द्या. टोपी, चष्मा आत्ताच सुरू करा.